पीएच.डी.चा आराखडा: आधी प्रश्न, मग प्रश्नावली

'बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या पाल्यांच्या शैक्षणिक समस्यांचा चिकित्सक अभ्यास.' पीएच.डी.च्या नोंदणीसाठी येणाऱ्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या प्रस्तावात, या साच्याचं शीर्षक हमखास सापडतं. जिल्हा बदलतो, समाजघटक बदलतो, 'चिकित्सक'च्या जागी कधी 'विश्लेषणात्मक' येतं तर कधी 'तुलनात्मक'. विषय खरा असतो, जिव्हाळ्याचा असतो. मांडणारा विद्यार्थी अनेकदा त्याच वस्तीवरून, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातूनच आलेला असतो. पण शीर्षकात प्रश्न नसतो. मग चार-पाच वर्षं माहिती गोळा होते, प्रश्नावलीतल्या प्रत्येक प्रश्नाचा एक तक्ता आणि एक पाय-चार्ट होतो, आणि शेवटच्या प्रकरणात निघतं ते एवढंच की गरिबी आहे, स्थलांतर आहे, पालकांचं शिक्षण कमी आहे, शासनाने लक्ष द्यावं. हे तर संशोधकाला पहिल्या दिवशीच माहीत होतं.

एवढ्या कष्टांचं असं होऊ नये, असं मला मनापासून वाटतं. ते टाळता येतं, कारण बहुतेक वेळा उणीव कष्टांत नसून आराखड्यात असते. प्रकरणांची यादी केली किंवा प्रश्नावली छापून आणली म्हणजे आराखडा झाला, असा एक समज आहे. कोणता पुरावा हाती आला तर मी 'हो' म्हणेन आणि कोणता आला तर 'माझा समज चुकला' म्हणेन, हे गावात पाऊल टाकण्याआधी ठरवून ठेवणं, हा आराखड्याचा गाभा. ऊसतोडीचाच विषय हाती धरून ते कसं करायचं ते पाहू.

विषयातून प्रश्न काढताना

ऊसतोडीचं चक्र थोडक्यात असं: मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली जोडपी दसरा-दिवाळीच्या सुमाराला पश्चिम महाराष्ट्रातल्या किंवा कर्नाटकातल्या कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो. मार्च-एप्रिलकडे गाळप संपलं की माणसं परततात. शाळेचं वर्ष जूनला सुरू होतं, त्यामुळे आईबापांबरोबर फडावर, म्हणजे तोडणीच्या शेतावर, गेलेल्या मुलाचा वर्षाचा मधला मोठा तुकडाच बुडतो. त्यावर उपाय म्हणून गावोगावी हंगामी वसतिगृहं चालवली जातात. पालक ऊस तोडायला जातात, मूल गावातच राहतं, जेवणाची आणि अभ्यासाची सोय शाळेच्या आधाराने होते.

आता 'शैक्षणिक समस्या' हा ढोबळ शब्द बाजूला ठेवून असं विचारून पाहा: 'हंगामी वसतिगृहात राहिलेली मुलं पुढच्या जूनमध्ये शाळेत परत येण्याचं प्रमाण, पालकांबरोबर गेलेल्या मुलांपेक्षा जास्त असतं का?' एका वाक्यात कोण, काय, कोणाच्या तुलनेत आणि केव्हा, हे चारही आलं. शिवाय या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकतं. दोन्ही गटांतली मुलं सारखीच परत येत असतील, किंवा वसतिगृहातली मुलं हजेरीत पुढे पण गळतीत तेवढीच असतील. प्रश्न खरा आहे की नाही, याची मी हीच कसोटी लावतो. येऊ शकणारं कुठलंही उत्तर तुम्हाला चकित करणार नसेल, तर तो प्रश्न अजून तयार झालेला नाही.

प्रश्नांच्या जाती वेगळ्या असतात आणि जात बदलली की आराखडा बदलतो. 'ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतली किती मुलं शाळाबाह्य आहेत?' हा मोजणीचा प्रश्न आहे. त्याला चांगला नमुना लागतो, तुलना लागत नाही. 'वसतिगृहामुळे गळती थांबते का?' हा कार्यकारणाचा प्रश्न आहे, तिथे तुलनेवाचून पान हलत नाही. 'मुलीला मागे ठेवायचं की बरोबर न्यायचं, हे घरात कसं ठरतं?' याला मोठे आकडे उपयोगाचे नाहीत. तिथे थोड्या घरांत पुन्हा पुन्हा जाऊन बसावं लागतं. सिनॉप्सिसमध्ये 'मिश्र पद्धती' (आकडेही आणि मुलाखतीही) असं लिहून तिन्ही प्रश्न एकदम कवेत घेण्याची सध्या पद्धत पडली आहे. एका माणसाच्या, एका फेलोशिपच्या कामात एक मुख्य प्रश्न नीट सुटला तरी ते मोठं काम आहे. दुसरा प्रश्न घ्यायचाच असेल तर तो पहिल्याला आधार देणारा असावा.

प्रश्न काढण्याआधी वाचन हवं, हे सगळेच सांगतात. पण वाचायचं कशासाठी? 'पूर्वसंशोधनाचा आढावा' म्हणून साठ प्रबंधांचे साठ परिच्छेद लिहायचे, हा त्याचा हेतू नव्हे. 'शोधगंगा'वर देशभरातले प्रबंध आज घरबसल्या वाचता येतात. तुमच्या विषयाजवळचे आठ-दहा प्रबंध उघडा आणि प्रत्येकाला एकच गोष्ट विचारा: यांनी कोणाशी तुलना केली आणि कोण त्यांच्या नजरेतून सुटलं? तुमचा प्रश्न बहुधा त्या सुटलेल्या जागेतच सापडेल.

तुलना कोणाशी?

इथे थांबून थोडं सविस्तर बोललं पाहिजे, कारण चांगला आणि कच्चा अभ्यास यांतला फरक बहुतेक वेळा इथेच पडतो.

महाराष्ट्रातलंच एक उदाहरण घेऊ. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. गावातल्याच बाईला प्रशिक्षण द्यायचं, तिने बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ पाहायचं, श्वास अडकला, अंग गार पडलं, जंतुसंसर्ग झाला तर तिथेच उपचार करायचे, अशी ती कल्पना. आरोग्य क्षेत्रात हा अभ्यास गाजला तो बाळांचे मृत्यू कमी झाले म्हणून. संशोधनाच्या विद्यार्थ्याने मात्र त्याचा आराखडा जवळून पाहावा.

त्यांनी ३९ गावांत ही सेवा दिली आणि ४७ गावं तुलनेसाठी ठेवली. सेवा १९९५ मध्ये सुरू झाली, पण जन्म-मृत्यूंची नोंद दोन्ही भागांत १९९३ पासूनच चालू होती. म्हणजे प्रयोगाआधीची दोन वर्षं हातात होती. त्या दोन वर्षांत नवजात मृत्युदर सेवेच्या गावांत दर हजार जिवंत जन्मांमागे ६२ आणि तुलनेच्या गावांत ५८ होता. दोन्ही भाग सुरुवातीला जवळपास सारखे होते, हे त्यामुळे आकड्यांनीच दाखवता आलं. तिसऱ्या वर्षी सेवेच्या गावांतला दर २५.५ पर्यंत उतरला, तुलनेच्या गावांत तशी घट झाली नाही. दोन्हींचा हिशेब जुळवून निव्वळ घट सुमारे ६२ टक्के मांडली गेली.

आणखी एक बारकावा आहे, तो सहज नजरेतून निसटतो. बाळांवर उपचार करणाऱ्या आरोग्यदूत वेगळ्या होत्या आणि जन्म-मृत्यूची नोंद करणारे कार्यकर्ते वेगळे होते. आपल्या कामाचं यश आपणच मोजायचं म्हटलं की प्रामाणिक माणसाचाही हात नकळत झुकतो. तो झुकू नये याची व्यवस्था आराखड्यातच केलेली होती.

तुलनेची गावं नसती तर? समजा, एका वर्षी शेतकऱ्याने नवं खत घातलं, पाऊसही वेळेवर झाला आणि पीक भरघोस आलं. श्रेय खताचं की पावसाचं, हे शेजारच्या बिनखताच्या वावराकडे पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. गडचिरोलीत त्या पाच वर्षांत रस्ते झाले असतील, लसीकरण वाढलं असेल, शेतीची वर्षं चांगली गेली असतील. असा प्रत्येक बदल दोन्ही भागांवर सारखाच पडला असता आणि हिशेबातून वजा झाला असता. म्हणून 'आधी आणि नंतर' एवढीच तुलना पुरत नाही. दुसरा गट लागतो, आणि त्या गटाचंही 'आधी आणि नंतर' लागतं.

या अभ्यासात कोणतं गाव कुठल्या बाजूला जाईल, हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं. चिठ्ठ्या टाकून गट पाडले असते तर पुरावा आणखी भक्कम झाला असता. पण दोन वर्षांची आधीची आकडेवारी आणि स्वतंत्र नोंदणी यांनी बरीचशी शंका दूर केली. पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला यातून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. आदर्श आराखडा दर वेळी परवडत नाही. पण उणीव कुठे आहे हे ओळखून तिथे दुसऱ्या बाजूने टेकू देता येतो.

आता ऊसतोडीकडे परत या. वसतिगृहात राहिलेली मुलं आणि फडावर गेलेली मुलं यांची थेट तुलना केली तर काय होईल? वसतिगृहातल्या मुलांची गळती कमी दिसेल, जवळपास नक्कीच. पण मुलाला मागे कोण ठेवतं? ज्या घरात लक्ष ठेवायला आजी आहे, ज्या आईला शिक्षणाची ओढ आहे, ज्या घरात पाठीवरच्या लहान भावंडाला सांभाळायला या मुलीची गरज नाही, ती घरं ठेवतात. अशा घरातलं मूल वसतिगृह नसतं तरी कदाचित शाळेत टिकलं असतं. फरक दिसेल, पण तो वसतिगृहाचा की घराचा, हे कळणार नाही. संख्याशास्त्रात याला निवडीचा पूर्वग्रह म्हणतात. सामाजिक शास्त्रांतल्या कितीतरी प्रबंधांचा निष्कर्ष याच एका ठिकाणी ढासळतो.

यातून वाटा आहेत. मुलांच्या तुलनेऐवजी गावांची तुलना करता येते: वसतिगृह असलेल्या गावांतली ऊसतोड कुटुंबांची सगळी मुलं, मग ती राहिलेली असोत की गेलेली, आणि वसतिगृह नसलेल्या गावांतली तशीच सगळी मुलं. घराघरातली निवड इथे बरीच निष्प्रभ होते. पण लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो: या गावाला वसतिगृह मिळालं कसं? मुख्याध्यापक धडपडे असतील, त्यांनीच प्रस्ताव लावून धरला असेल. तसं असेल तर गळती कमी होण्याचं श्रेय त्या मुख्याध्यापकांचंही असू शकतं. मग वसतिगृह सुरू होण्याआधीच्या दोन-तीन वर्षांचा पट आणि हजेरी दोन्ही प्रकारच्या गावांतून काढायची, आणि सुरुवात सारखी होती का ते तपासायचं. गडचिरोलीच्या आधीच्या दोन वर्षांनी केलं तेच काम इथे शाळेची जुनी रजिस्टरं करतील. ती कपाटात पडून असतात, फक्त परवानगी काढून तिथे बसावं लागतं.

एवढं सगळं करूनही शंकेला थोडी जागा राहीलच. ती आपणच पहिल्या प्रकरणात लिहून टाकावी. बाहेरच्या परीक्षकाने दाखवण्याआधी स्वतः दाखवलेली मर्यादा अभ्यासाची पत वाढवते.

कोण सुटलं?

नमुना निवड म्हटली की विद्यार्थी विचारतात, 'सर, किती घेऊ?' त्याच्या आधीचा प्रश्न 'कुठून घेऊ?' हा आहे.

पुन्हा गडचिरोलीच. डॉ. राणी बंग यांचा ग्रामीण स्त्रियांच्या स्त्रीरोगांवरचा अभ्यास १९८९ मध्ये आला. हा अभ्यास दवाखान्यात बसून झाला असता तर दवाखान्यापर्यंत पोचलेल्याच बाया दिसल्या असत्या. त्याऐवजी दोन गावं घेतली आणि गावातल्या स्त्रियांनाच तपासणीसाठी बोलावलं. ६५० जणी तपासल्या गेल्या. त्यांतल्या ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला आणि याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. दवाखान्याच्या नोंदींवर विसंबलेल्या कुठल्याही अभ्यासाने ही मोठी बाजू अंधारातच ठेवली असती. तपासलेल्यांपैकी जवळपास निम्म्या बायांची स्वतःहून काही तक्रारही नव्हती, म्हणजे नुसतं 'काही त्रास आहे का?' विचारूनही त्या सापडल्या नसत्या.

ऊसतोडीच्या विषयात हाच सापळा फार साध्या रूपात येतो. संशोधक जानेवारीत शाळेत जातो, वर्गात प्रश्नावली वाटतो. ज्यांच्याबद्दल अभ्यास आहे ती मुलं त्या वेळी फडाशेजारच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, असतात! वर्गात असलेल्यांची उत्तरं येतात, आणि प्रबंधात 'ऊसतोड कामगारांच्या मुलांचं मत' म्हणून छापली जातात. यादी करायची तर ती दसऱ्याआधी, गावातल्या घरांची करायला हवी, आणि त्यातलं एकेक नाव पुढच्या ऑगस्टपर्यंत धरून ठेवायला हवं. जी मुलं परत सापडणार नाहीत त्यांची गणतीही तक्त्यात यायला हवी. ती गायब झालेली मुलंच बहुधा सगळ्यात जास्त अडचणीतली असतात.

आता 'किती'. महाराष्ट्रातल्या प्रबंधांत ३८४ हा आकडा इतका फिरतो की त्याचा उगम कोणी विचारत नाही. एका मोठ्या लोकसंख्येतलं एखादं प्रमाण ९५ टक्के खात्रीने, पाच टक्क्यांच्या मागेपुढे अंदाजायचं असेल आणि निवड अगदी यादृच्छिक, एकेका माणसाची असेल, तर ३८४ पुरतात. तुम्ही शाळा निवडून त्यातली मुलं घेणार असाल तर हे गणित लागू पडत नाही. एका शाळेतल्या मुलांना तेच शिक्षक असतात, तोच रस्ता, तोच दुष्काळ. त्यामुळे ती एकमेकांसारखी असतात आणि विसावं मूल पहिल्याइतकी नवी माहिती देत नाही. एका शाळेतून २० मुलं घेतली आणि त्यांच्यातलं साम्य (शून्य म्हणजे अजिबात नाही, एक म्हणजे पूर्ण) ०.१ धरलं, तर नमुना १ + (२० − १) × ०.१ म्हणजे २.९ पटींनी वाढवावा लागतो. ३८४ चे थेट १,११४ होतात. उपाय सोपा आहे: शाळा वाढवा, दर शाळेतली मुलं कमी करा. फिरणं वाढतं, हे खरं.

दोन गटांची तुलना असेल तर हिशेब आणखी वेगळा. वसतिगृहामुळे गळती ३० टक्क्यांवरून २० वर येते का हे पाहायचं असेल आणि खरोखरचा फरक हातून निसटू नये याची ८० टक्के खात्री हवी असेल, तर दर गटात सुमारे २९० मुलं लागतात, तीही वरचं शाळेचं साम्य न धरता. एवढी मुलं एकट्याने गाठणं शक्य नसेल तर नमुना गुपचूप कमी करू नका, प्रश्न बदला. गळतीऐवजी वर्षभरातले हजेरीचे दिवस मोजले, तर प्रत्येक मुलाकडून जास्त माहिती मिळते आणि पुष्कळदा कमी मुलांत भागतं. हे सगळं विद्यापीठातल्या संख्याशास्त्राच्या शिक्षकांबरोबर सुरुवातीलाच बसून ठरवावं. माहिती गोळा झाल्यावर त्यांच्याकडे गेलं तर त्यांच्या हातात फारसं काही उरत नाही.

मोजायचं काय आणि कसं

'तुमचा मुलगा नियमित शाळेत जातो का?' या प्रश्नाला गावात एकच उत्तर येतं: 'जातो की.' विचारणारा शिकलेला, हातात कागद, बहुधा शाळेच्या ओळखीने आलेला. कोण नाही म्हणेल? त्याऐवजी 'काल शाळेत गेला होता का? परवा?' असं विचारलं की उत्तर बदलतं. शाळेच्या पटावरचा आकडा, हजेरीपटावरचा आकडा आणि न सांगता जाऊन वर्गात मोजलेली डोकी, हे तीन आकडे एकाच दिवशी घेतले तर तिन्ही वेगळे निघू शकतात. तुमच्या अभ्यासात 'हजर' म्हणजे यांतलं कुठलं, हे आधी लिहून ठेवा. 'गळती' म्हणजे दाखला काढला ते, की सलग महिनाभर आलं नाही ते, हेही ठरवायला हवं. व्याख्या नंतर ठरवली की ती हव्या त्या निष्कर्षाकडे झुकते.

परदेशातल्या तयार प्रमाणित प्रश्नावल्या भाषांतर करून वापरायची तर भाषांतर दुसऱ्या जाणकाराकडून उलट मूळ भाषेत करून घ्यावं आणि दोन्ही ताडून पाहावीत. त्यानेही भागत नाही. पायलट, म्हणजे छोटी पूर्वचाचणी, करताना दहा-बारा पालकांना प्रश्न वाचून दाखवा आणि विचारा, 'मी काय विचारलं असं तुम्हाला वाटलं?' पुण्याच्या मराठीतला 'आत्मविश्वास' आष्टी-पाटोद्याच्या बाईपर्यंत कसा पोचतो, हे तेव्हाच कळतं. क्रॉनबॅक अल्फा हा प्रश्नावलीच्या विश्वसनीयतेचा आकडा ०.७ च्या वर आला की साधन पक्कं झालं, असा समज आहे. अल्फा एवढंच सांगतो की प्रश्न एकमेकांशी जुळतात. ते सगळे मिळून भलतीच गोष्ट मोजत असतील तरी अल्फा चांगलाच येतो.

गृहीतकांबद्दल फार लांबण लावत नाही. दहा-बारा गृहीतकं मांडून प्रत्येकाला काय-वर्ग चाचणी (दोन गोष्टींत संबंध आहे का ते पाहणारी) लावायची, आणि जिथे पी व्हॅल्यू, म्हणजे संबंध नसतानाही निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.०५ च्या खाली आली तिथे 'लक्षणीय' लिहायचं, ही चाल सोडा. कुठेही काहीच संबंध नसताना अशा २० स्वतंत्र चाचण्या केल्या तरी एखादी तरी निव्वळ योगायोगाने 'लक्षणीय' निघण्याची शक्यता ६४ टक्के आहे. मुख्य गृहीतक एक, फार तर दोन ठेवा. बाकीचं जे सापडेल ते 'शोध घेताना दिसलेलं' म्हणून वेगळं सांगा.

घरांत बसून केलेलं संशोधन

गुणात्मक, म्हणजे आकड्यांऐवजी मुलाखती-निरीक्षणांवर उभ्या अभ्यासाला आराखडा लागत नाही, हा गैरसमज त्या पद्धतीवर अन्याय करतो. तिथे आराखडा उलट जास्त विचारपूर्वक लागतो. मुलीला बरोबर न्यायचं की ठेवायचं, हे समजून घ्यायचं असेल तर घरं मुद्दाम वेगवेगळी निवडावी लागतात: आजी असलेलं आणि नसलेलं, उचल फिटलेलं आणि न फिटलेलं, थोरली मुलगी असलेलं आणि थोरला मुलगा असलेलं. नव्या घरातून नवं काही मिळेनासं झालं की थांबायचं, पण थांबण्याआधी आपल्या समजाला छेद देणारं एक तरी घर मुद्दाम शोधायचं. तुमचं मत झालं असेल की 'आजी असली की मूल मागे राहतं', तर आजी असूनही मूल गेलेलं घर शोधा आणि तिथे सगळ्यात जास्त वेळ बसा. आधी म्हटलेली 'माझा समज चुकला' ही शक्यता इथे अशी उघडी ठेवायची असते.

परवानगी कोणाची?

फडावर जाऊन मुलाखती घ्यायच्या म्हटलं की पहिली भेट मुकादमाची होते. तो हो म्हणतो, माणसं गोळा करतो, बाजूला उभा राहतो. उचल त्याच्याकडून घेतलेली, हिशेब त्याच्याच हातात. तो तिथे असताना दिलेल्या होकाराला संमती म्हणता येणार नाही, आणि मिळालेल्या उत्तरांना माहितीही म्हणता येणार नाही. नीतिमत्ता आणि पुराव्याचा दर्जा या दोन गोष्टी इथे वेगळ्या राहत नाहीत. मुलाखत गावी, मे महिन्यात, घरी घेतली तर बाई मोकळी बोलेल.

मुलांबाबत आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे पालकांची संमती लागतेच, शिवाय ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी होकार वेगळा घ्यायचा असतो. मूल नको म्हणालं तर विषय संपला. आणि गावाचं नाव, मुकादमाचं नाव, मुलीचं वय अशा तीन गोष्टी एकत्र छापल्या की नाव न देताही माणूस ओळखता येतो, हे लिहिताना ध्यानात ठेवा. प्रबंध शोधगंगेवर जातो, तो गावातलं पोरही मोबाइलवर उघडू शकतं.

कॅलेंडर आणि कोरे तक्ते

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.ला कोर्सवर्क धरून किमान ३ आणि साधारण कमाल ६ वर्षं. ऊसतोडीचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. सिनॉप्सिस जानेवारीत मंजूर झाला तर चालू हंगाम गेलाच. पुढच्या सप्टेंबरात घरांची यादी, दिवाळीनंतर कोण गेलं-कोण राहिलं याची नोंद, हिवाळ्यात वर्गातली मोजणी, मे महिन्यात घरच्या मुलाखती, ऑगस्टमध्ये पट तपासणं, असं धरलं तर एका तुकडीला जवळजवळ वर्ष लागतं. त्याआधी एक छोटा पायलट हवा. म्हणजे दोन हंगाम तुमच्या हाती आहेत, आणि त्यातला एक शिकण्यात जाणार. हा तक्ता काढला की 'तीन जिल्ह्यांतील' हे शब्द शीर्षकातून आपोआप गळून पडतात.

दुसरं काम याहून सोपं आहे आणि फारसं कोणी करत नाही. क्षेत्रकार्याआधी निष्कर्षांचे तक्ते कोरे काढा. ओळीत वसतिगृहाची आणि बिनवसतिगृहाची गावं, स्तंभात आधीच्या वर्षांची आणि नंतरच्या वर्षाची गळती. मग पेन्सिलीने दोनदा भरा: एकदा तुम्हाला वाटतं तसे आकडे, एकदा अगदी उलटे. दुसऱ्या वेळी काय निष्कर्ष लिहाल, ते दोन ओळींत लिहून पाहा. लिहिता येत नसेल तर आराखड्यात अजून भोक आहे. आणि कुठल्याच तक्त्यात न बसणारा प्रश्न प्रश्नावलीत असेल तर तो काढून टाका, त्या बाईची दहा मिनिटं वाचतील.

हा कोरा तक्ता, मुख्य प्रश्न आणि नमुन्याचा हिशेब तारखेसह गाईडकडे सही करून ठेवा किंवा खुल्या नोंदणी संकेतस्थळावर टाका. वैद्यकीय प्रयोगांसाठी देशात अशी नोंदणी आहेच. सामाजिक शास्त्रांत सक्ती नाही, पण स्वतःहून करायला काहीच हरकत नाही.

क्षेत्रात गेल्यावर आराखडा बदलावा लागेल. कुठे अनुदान उशिरा आल्याने वसतिगृह डिसेंबरात उघडेल, कुठे निवडलेली शाळाच दुसरीत विलीन होईल, कुठे पाऊस लांबल्याने टोळ्या महिनाभर उशिरा निघतील. यासाठी एक साधी वही ठेवा. काय बदललं, कोणत्या तारखेला, का, आणि तोवर किती माहिती गोळा झाली होती, एवढ्या चार गोष्टी प्रत्येक बदलापुढे लिहा. पद्धतीचं प्रकरण लिहिताना ती वही जशीच्या तशी परिशिष्टात द्या. व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, परीक्षक 'तुम्ही ४० गावं म्हणाला होता, ३४ का झाली?' असं विचारतील, तेव्हा त्या सहा गावांची नावं, तारखा आणि कारणं तुमच्यासमोर असतील.